सर्व हत्यारे जागेवर

सोमवार, ४ ऑगस्ट

आज रुजू झालो. वय एक्कावन्न, पद मेकरस्पेस समन्वयक. पूर्वी याला वर्कशॉप म्हणत आणि पत्रे गळत. आता मेकरस्पेस म्हणतात, पत्रे तेच आहेत. तरी मन खूश आहे. लेझर कटर आहे, दोन थ्रीडी प्रिंटर आहेत (आजवरचं उत्पादन: अकरा गणपती आणि कुलगुरूंचा बिननाकाचा अर्धपुतळा), लेथ, ड्रिल, पट्टा करवत, सोल्डरिंगची टेबलं. विद्यार्थ्यांनी यावं, हवं ते हत्यार घ्यावं, हवं ते घडवावं. श्रीरामपूरला बायकोला फोन करून सांगितलं, नवरा शेवटी कामाच्या जागी लागला. ती म्हणाली, बघू.

सगळ्यात देखणा म्हणजे भिंतीवरचा सागवानी फळा. बंद पडलेल्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून आणलाय. प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगात काढलेली, वर खिळा. हत्यार घ्यायचं तर त्या खिळ्याला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. पाच वाजता फळा भरला की वहीत ‘सर्व हत्यारे जागेवर’ लिहून सही, मगच कुलूप. फळ्याबरोबर त्या कारखान्याचे जुने फिटर भिमाजीही आंदण आलेत. डाव्या हाताला तीनच बोटं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

राजेश्वरी नावाची मुलगी रोज येते. पाथर्डीकडची, शेवटच्या वर्षाला. आईबाप ऊसतोडीला जातात. न वाकता ऊस तोडता यावा असा लांब दांड्याचा कोयता बनवतेय, आईच्या कंबरेसाठी. बाकी पोरं मोबाईलचे स्टँड बनवतात. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे, लहानपणी कोयता लागलेला. त्याच हाताने कानस अशी चालवते की बघत राहावं.

काल एक चिमुकली षटकोनी चावी सापडेना. भिमाजींनी वीस पोरांना साडेसहापर्यंत भुसा चाळायला लावला. मी म्हटलं, मामा, उद्या सापडेल की. त्यांनी मला कारखान्यातली गोष्ट सांगितली, एका हंगामात घाईघाईत कुणी खोटी सही केल्याची. मग तीन बोटांचा हात माझ्यापुढे धरला.

“सायेब, जागा रिकामी ठिवून सही केली ना, तर फळा ती भरून घेतो. काय मिळंल त्यानं.”

कामगार संघटनेला असे वक्ते मिळाले असते तर कारखाना बंद पडला नसता.

सोमवार, ११ ऑगस्ट

उद्या मूल्यांकन समिती. दिवसभर रिबिनी आणि फुगे. लेथ रिकामा दिसू नये म्हणून मी स्वतः फळ्यावरची चावी घेऊन त्याच्या चकात, म्हणजे कांब पकडणाऱ्या फिरत्या तोंडात, चकचकीत पितळी कांब आवळली. बिल्ला लावला नाही, साहेबाला कसला बिल्ला. मग वरून मखमली कापड झाकलं.

पाच वाजता चकाचीच चावी नाही. भिमाजी कुलूप लावू देईनात. मला पाहुण्यांना जेवायला न्यायचं होतं. भिमाजींना घरी पिटाळलं आणि फळ्यावरच्या त्या आकृतीवर पांढरा रंग मारला. रिकामी जागा दिसली की समिती प्रश्न विचारते, ताजा रंग दिसला की कौतुक करते. सही केली.

मंगळवार, १२ ऑगस्ट

चावी चकातच होती.

अध्यक्षांनी कापड ओढलं, बटण दाबलं. चक फिरला आणि वीतभर लोखंड सुटून कल्याण नावाच्या आमच्या प्रयोगशाळा सहायकाच्या जबड्यात घुसलं. त्याचे दोन दात कचोरीच्या बशीत पडले. तो ओरडला नाही. ओरडायला जबडा लागतो.

संध्याकाळी वरून अहवाल मागितला. लेथवर शेवटचं काम राजेश्वरीचं होतं, बिल्ला नंबर सतरा. तिने काल चार वाजता माझ्यादेखत चावी परत लावली होती. मी वहीत लिहिलं: ‘चावी बिल्ला क्र. १७ ने परत केली नाही.’ निवृत्तीला सात वर्षं आहेत.

बुधवार, १३ ऑगस्ट

पांढऱ्या रंगावर काळी आकृती उमटलीय. चावीची नाही, हाताच्या पंजाची. पोरांचा वात्रटपणा म्हणून पुन्हा रंग मारला. चहा पिऊन आलो तर परत तिथेच. करंगळी वाकडी.

भिमाजींनी वही मागून घेतली, वाचली. म्हणाले, वहीत ज्याचं नाव, फळा त्याचंच घेणार. नाव खोडा. मी म्हटलं, अहवाल वर गेलाय.

गुरुवार, १४ ऑगस्ट

ड्रिल आपोआप सुरू झालं. राजेश्वरीची बाही धरली, मनगट ओढलं. कापड फाटलं म्हणून सुटली. मनगटाची साल कांद्यासारखी निघाली. मेन स्विच बंद होता. मीच बंद केला होता.

शनिवार, १६ ऑगस्ट

पट्टा करवत. प्लग जमिनीवर पडलेला, तरी पातं फिरत होतं. ती दांडा कापायला टेबलाशी वाकली होती. भिमाजींनी तिला ढकललं आणि मध्ये डावा हात घातला. मुद्दाम. मी पाहिलं.

मनगटापासून गेला. रक्त थ्रीडी प्रिंटरच्या गणपतींवर. हात शोधला, बर्फात घालून दवाखान्यात न्यायला. खाली नव्हता. फळ्यावर होता, खिळ्याला. पाच बोटांच्या आकृतीत तीन बोटं.

आमच्या डोळ्यांसमोर गळून पडला. बसला नाही त्या जागेत.

सोमवार, १८ ऑगस्ट

सकाळी ती आली. मनगटाला पट्टी. म्हणाली, दसऱ्यानंतर आई टोळीबरोबर निघेल, तोवर दांडा पुरा करायचाय. मग खाली बघत बोलली.

“चावी मी लावलेली मला आठवतंय, सर. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे माझंच चुकलं असंल.”

तिला छप्पन कामं सांगून बाहेर काढलं. दार आतून लावलंय.

साडेचार. वहीत सतरा नंबर खोडला. लिहिलं: चावी मी घेतली, चकात मी विसरलो, सही मी केली. खाली माझं नाव, शांतवन.

आकृती हलतेय. करंगळी सरळ झाली. पंजा रुंद — मधल्या बोटाला पेन धरून पडलेला घट्टा — तोही काढलाय —

पावणेपाच. दारावर थापा. तीच. सर, दांडा आत राहिला. उघडणार नाही.

करवतीचा प्लग माझ्या मांडीवर आहे. पातं फिरतंय. टेबल सरकत जवळ — मी उठत नाही. उठलो तर पळायला दार तेवढंच राहतं, आणि दाराबाहेर ती —

पाच. वही पूर्ण करतो. या हाताने जेवढी होईल तेवढी.

सर्व हत्यारे जागेव—