मे महिन्यातलं ब्लँकेट

सिंदी (रेल्वे),
१२ जून

प्रिय मैत्रेयी,

फोनवर तू दोन मिनिटांत "ठेवते बाबा" म्हणतेस, म्हणून हे पत्र. हे तू अर्ध्यावर ठेवलंस तरी पुन्हा उचलता येईल.

मागच्या आठवड्यात वर्ध्याला तुमच्याकडे होतो, तेव्हा स्वयंपाकघरात तू निकेशला सांगत होतीस की शाळा उघडली की पहिल्याच दिवशी राजीनामा देणार. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. माझे कान तुला माहीत आहेत. ऐकायचं नव्हतं, ऐकू आलं. मुलांची नावं आठवत नाहीत, दुसऱ्याच तासाला खुर्ची शोधावी लागते, आता शिकवणं माझ्याच्यानं होत नाही, असं म्हणालीस. सहा वर्षं जिच्या वर्गातली पोरं सुट्टीतही घरी येतात, ती हे म्हणत होती. मी पेपरचं पान उलटलं. जावयाच्या घरी सासऱ्यानं पेपरच वाचावा.

इकडे कूलरचा सीझन आटोपला. आपला गोपाल मिस्त्री आता कूलरच्या उरलेल्या खसच्या ताट्या बांधून माळ्यावर टाकतो आहे. मी सायकलवर खस विकायचो तेव्हापासून हा धंदा कानावरच केला. रस्त्यानं जाताना कोणाच्या पंख्याची बुश झिजली, कोणाचा पंप कोरडा फिरतो, हे मी घरात न शिरता सांगतो. लोक कौतुक करतात. पण या कानांची एक फजिती तुला कधी सांगितली नाही, ती आज सांगतो.

तू नागपूरला होस्टेलवर होतीस त्या दोन वर्षांतली गोष्ट. तुझी आई ऐन मे महिन्यात कूलर बंद करायला लागली. म्हणायची, "मले थंडी वाजून राह्यली." मला वाटलं, काय कूलर बनवला आपण. दुकानात येईल त्याला सांगायचो की आमच्या घरी मे महिन्यात ब्लँकेट लागते, या पाहायला. सेलूचं एक गिऱ्हाईक खरंच आलं. बाहेर शेहेचाळीस डिग्री, आणि आत तुझी आई ब्लँकेट पांघरून तांदूळ निवडत बसलेली, निवडता निवडता डोळा लागलेला. त्यानं दोन कूलर नेले. मी त्याला चहाही पाजला.

बाकीचंही समोरच होतं. जेवण अर्ध्या पोळीवर आलं आणि बांगड्या मात्र घट्ट झाल्या. फणीत केसांचे गुंते, हातांची कातडी कोरडी भुरकट, सकाळी चेहरा सुजलेला, पोट साफ नाही, गॅसवर दूध ठेवलं की विसरली. मी तिला सेठानी म्हणून चिडवायचो. वय झालं, कामाचा कंटाळा आला, असं आम्ही दोघांनीही धरून चाललो. वर्षभरानं तुझी कोकिळा आत्या आली आणि दारातच म्हणाली, "वहिनी, तुमचा आवाज काऊन असा जाड झाला?" तेव्हा मी पहिल्यांदा ऐकला तो आवाज. खरंच जाड, ओढत ओढत येणारा. अख्ख्या गावच्या मोटारी ऐकणारा माणूस घरातला आवाज बदललेला ऐकत नव्हता. रोज कानावर पडायचा ना, म्हणून.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी मान चाचपली, नाडी पाहिली, मग म्हणाले की कूलरचं कौतुक नंतर करू, आधी रक्त तपासा. थायरॉईड निघालं. गळ्यातली ती ग्रंथी मंदावली की सगळं शरीरच मंदावते, असं त्यांनी समजावलं. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, चहा तासाभरानं, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा तपासणी. एका दिवसात काही झालं नाही. पण हळूहळू चेहऱ्याची सूज उतरली, आवाज मोकळा झाला, आणि पुढच्या मे महिन्यात एका दुपारी आतून हाक आली, "कूलर फुल करून देजो जी, गरमीनं जीव घाबरून राह्यला." मी पंप चालू केला आणि ते ब्लँकेट घडी करून माळ्यावर टाकलं.

तू विचारशील, मला काऊन सांगितलं नाही. तेव्हाच निकेशचं स्थळ आलं होतं. त्याच्या काकूंनी बोलता बोलता विचारलं होतं की घरात कोणाला काही दुखणं तर नाही. आई म्हणाली, पोरीचं जमू दे, मग सांगू. मग लग्न झालं, आणि ते राहूनच गेलं. मेथीच्या डब्यामागची ती गोळी ॲसिडिटीची नाही, बेटा.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात त्या दुपारी तुमच्या घरात कूलरचं बटण तीनदा बंद झालेलं मी ऐकलं. निकेशचा शर्ट घामानं ओला, आणि तू ओढणी गुंडाळून बसलेली. तुझा आवाजही ऐकला. फोनवर महिनाभर मला वाटत होतं, लाईन खराब आहे. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे आईकडून मुलीकडे येऊ शकते, तिला असं काही जाणवलं तर वेळ घालवू नका. आम्ही माना हलवल्या आणि घरी आलो. म्हणून लिहितो आहे. कदाचित तुला काहीच नसेल, नुसतं रक्त कमी असेल. ते डॉक्टर पाहतील. आईची गोळी मागून मनानं सुरू करू नको. पण शाळा उघडायच्या आधी थायरॉईडसाठी रक्तातलं टीएसएच तपासून घे, आणि तोवर राजीनामा लिहू नको. रिपोर्ट चांगला आला आणि तरी नोकरी नको वाटली, तर खुशाल सोड, मी शब्द काढणार नाही. पाकिटात आईचा पहिला रिपोर्ट आहे. पत्र लिहितोय म्हटल्यावर तिनंच पेटीतून काढून दिला. डॉक्टरांना दाखव. आणि आई म्हणते, आधी निकेशला दाखव.

कान उशिरा उघडलेला, तुझाच
बाबा