लहान मुलं चालणार नाहीत

१६ जानेवारी २००६
इंग्लंडला, रॉम्सीत येऊन चार महिने. मिलिंद साउदॅम्प्टनला ऑफिसला गेला की घरात मी आणि समोरच्या खोलीतली अश्विनी. किचन, बाथरूम एकच.
अश्विनीला दिवस गेलेत. भांडी घासता घासता सांगितलं. "ताई, तुम्हालाच पहिले सांगून राहिली." जवळ घेतलं तिला. मग खोलीत येऊन दार लावून बसले. आमच्या लग्नाला सहा वर्षं. तिचं मागच्या मे महिन्यात झालं.

२ फेब्रु.
अश्विनी पहाटे सहापासून ओकतेय. बाथरूम अडलेलं, मि.ची ट्रेन चुकली. तिला फोडणीचा वास सोसत नाही, म्हणून मी थंडीत खिडकी उघडून स्वयंपाक करायचा. तिचा नवरा नीलेश म्हणतो, "सॉरी वहिनी, थोडे दिवस."
शेजारच्या डोरीनबाई, ऐंशीच्या, तिच्या बाळासाठी पिवळा स्वेटर विणायला बसल्यात. सारखं विचारतात, आज काही खाल्लं का तिने.

१४ फेब्रु.
घरमालकाची एजंटबाई खोल्यांच्या तपासणीला आली. अश्विनी जी.पी.कडे, इथल्या डॉक्टरकडे गेलेली. बाईने खिडकीखालची ओल बघितली, आणखी काही अडचण आहे का म्हणाली. आमच्या आणि त्यांच्या, दोन्ही भाडेकरारांत आहे, लहान मुलं चालणार नाहीत. मी विचारलं, "ऑगस्टमध्ये इथे बाळ असेल, ते चालेल ना?" अगदी साधेपणाने. तिने लिहून घेतलं.
मि.ला बोलले नाही.

२७ फेब्रु.
पत्र आलं. एप्रिलअखेर खोली सोडा. अश्विनी ते घेऊन माझ्याकडेच आली. "हे बघा न ताई." मी दोनदा वाचलं. वाईट वाटलं? खरं लिहायचं तर

२ एप्रिल
दुसरी खोली शोधताहेत, पण बाळ म्हटलं की लोक फोन ठेवतात. साउदॅम्प्टनलाही तेच. शेवटी ठरलं, ती नागपूरला आईकडे, नीलेश मित्रांच्या खोलीत गादी टाकणार. त्याला बाळंतपणाला जायला रजा नाही.
"एजंटला कोणी सांगितलं असेल जी?"
मी कांदा चिरत होते. म्हटलं, "डोरीनबाईंनी असेल. त्यांना फार चौकशा."
सहज आलं तोंडातून. "इतक्या गोड बोलत होत्या न," म्हणाली.

२२ एप्रिल
गेली. विमानतळाच्या बसपर्यंत बॅग मी ओढली. डोरीनबाई गेटशी उभ्या होत्या, हात हलवला. अश्विनीने तोंड फिरवलं. बाईंचा हात तसाच वर. मला मात्र घट्ट मिठी. "तुम्ही नसत्या तर मी येडी झाली असती इथे."
मि. म्हणाला, "तुला करमणार नाही आता."
दुपारी गाढ झोपले. कितीतरी दिवसांनी.

२९ एप्रिल
डोरीनबाई आल्या. स्वेटर पूर्ण झालाय, पातळ कागदात नीट गुंडाळलेला. चहा नको म्हणाल्या, दारातच उभ्या. माझं काही चुकलं का, विचारत होत्या. नागपूरचा पत्ता हवाय. सोबत चिठ्ठी लिहायची आहे, काय झालं ते तिलाच विचारायचंय.
पत्ता या वहीच्या मागच्या पानावर आहे, अश्विनीच्या अक्षरात.
शोधते म्हटलं. म्हणाल्या, घाई नाही, मी उद्या येईन.