चपला आत काढायचं घर

बाबड्या,

तू गेलास आणि ज्यांचे खटले तू फुकट लढलास ते सगळे तुझ्या घरात गोळा झाले. पुरुषावर जीव जडलेले पुरुष, बाईवर जीव जडलेल्या बाया. म्हणे, घरच्यांनी हाकललेल्यांना राहायला तू हे घर देऊन गेलास, आता फक्त वारस म्हणून ताईंची सही हवी. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात जो तो चपला हातात घेऊन आत! असं चोर करतात. तुझ्या मित्राला तर साखरेचा डबाही न विचारता सापडला.

मी त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "एका मुलीच्या भावानं दारातल्या चपला ओळखल्या आणि तिला इथेच गाठून मारलं. तेव्हापासून वकीलसाहेबांचा नियम, चपला आत."

मग पलंगाखाली तुझे जोडे दिसले. शेजारी त्याचे, तेवढेच झिजलेले.

इतकी वर्षं मी तुझ्यासाठी स्थळं घेऊन येत होते, तेव्हा त्याचे जोडे तिथेच असायचे ना? म्हणजे तुझ्या लेखी मीही त्या भावासारखीच?

आज सही करायला गेले, तेव्हा चपला मुद्दाम दाराबाहेर काढल्या. बघू दे गल्लीला, कुणाची बहीण आत बसली आहे ते.

तुझी,
ताई