साडेआठ हजारांचे कान

पेण,
रविवार, १२ जानेवारी २०२५,
दुपारचे २ वाजून ४० मिनिटे

ती. सौ. नूतनताईस,
आदर्शचा शि. सा. न. वि. वि.

कारखान्याच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. सकाळपासून सतरा मूर्तींच्या सोंडा पॉलिश पेपरने घासल्या. हात दोनदा धुतले, तरी कागदावर पांढरं बोट उमटलंच, तेवढं माफ कर. माघी गणपती वीस दिवसांवर आले, त्यामुळे शेठ रविवारची सुट्टीही अर्धीच देतात. आई बरी आहे. तुला लिहायला सांगितलं आहे की उपासाच्या दिवशी शिलाई मशीनवर जास्त बसू नकोस.

आता मुख्य गोष्ट. मी स्वतःसाठी मोठा फोन घ्यायचा म्हणून पैसे साठवत होतो हे तुला माहीत आहे. ९,२०० झाले. काल तमीमभाईच्या दुकानात गेलो होतो. एस.टी. स्टँडजवळचं दुकान, तो कुवेतहून परत आला आणि त्याने ते काढलं. त्याने सहज विचारलं की एवढे पैसे साठवून फोन कोणाला करणार? मी सांगितलं की एकच बहीण, पण तिला फोन करता येत नाही. सातवीत मेंदूज्वर झाला तेव्हापासून तिला ऐकू येत नाही. बोलते स्वच्छ, वाचते माझ्यापेक्षा भरभर, पण समोरचा काय म्हणाला ते तिची आठ वर्षांची मुलगी शांती तिला ओठ हलवून आणि बोटांनी सांगते. बटणाच्या फोनवर मराठी मेसेजचे नुसते चौकोन दिसतात, म्हणून आम्ही पत्रं लिहितो.

 त्याने स्वतःचा फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, बोल काहीतरी. मी घाबरून तुझा पत्ताच सांगितला, आणि ताई, तो पत्ता पिनकोडसकट काचेवर लिहून आला. बोललेलं लगेच लिहून दाखवायची सोय फोनमध्ये असते आणि ती फुकट असते, फक्त इंटरनेट लागतं.

तेव्हा फोन तुलाच घ्यायचा असं मी ठरवलं आहे. तू नाही म्हणणार, पण आधी विचार कर. भाऊजींना आणि तुझ्या सासूबाईंना, सीतामावशींना नमस्कार, शांतीला पापा. माया राहू दे.

तुझा,
आदर्श

---

रोहा,
१७ जानेवारी २०२५

चि. आदर्शास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पांढरं बोट पाहिलं. ते बोट पाहूनच सांगते की पैसे तुझ्या अंगावर खर्च कर. पाच वर्षांत तू एक शर्ट नवा घेतला आहेस, तोही माझ्या लग्नात घातलेल्या रंगाचाच.

असं लिहून मी हे पत्र संपवणार होते. पण बुधवारी शाळेतून बाईंची चिठ्ठी आली. शांतीचे यंदा चौतीस दिवस बुडाले आहेत. बाईंनी वाईट शब्द वापरलेला नाही. एवढंच लिहिलं आहे की मुलगी हुशार आहे, पण पुढच्या वर्षी चौथीत तिला हे जड जाईल. मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि ब्लाउजच्या मापांच्या वहीत ठेवली. मापं घ्यायला बायका येतात तेव्हा शांती, सासूबाईंची शुगरची तपासणी असली की शांती, रेशनला शांती. आदर्श, मी तिची शाळा बुडवते, दुसरं कोणी नाही.

म्हणून विचारते. दोन बायका एकदम बोलल्या तर तो फोन काय लिहितो? सासूबाईंचं बोलणं त्याला कळेल का? त्या पान खात बोलतात आणि मध्येच भिंतीकडे तोंड करतात. आमच्या गल्लीत कुठल्या कंपनीची रेंज येते हे मी ह्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलं आहे. दुकानदार चांगला फोटो निघतो म्हणून महागडा गळ्यात मारेल, त्याला भुलू नकोस. मला फोटो नकोत.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या (शांतीने सांगितलं) की या डबड्याशी बोलाया मी काय खुळी हाय व्हय. ह्यांनी फक्त मान हलवली. ती हो होती की नाही, हे लग्नाला दहा वर्षं होऊनही मला कळत नाही.

सांभाळून राहा. आईला वेळेवर औषध दे.

तुझी ताई,
नूतन

---

पेण,
रविवार, २६ जानेवारी २०२५,
संध्याकाळचे ६ वाजून १० मिनिटे, फोनच्या खोक्यावर दोरी बांधून झाल्यावर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घेतला. सगळं क्रमाने लिहितो.

गेल्या दोन आठवड्यांत तीन दुकानं पाहिली. पहिल्या दुकानातल्या माणसाने मला चौथ्या प्रश्नालाच बाहेरचा रस्ता दाखवला. दुसऱ्याकडे सहा हजारांचा होता, पण तो बोलल्यानंतर इतक्या वेळाने लिहायचा की तोवर माणूस घरी पोहोचेल. एक बारा हजारांचाही पाहिला. तो लिहायचा तेवढंच, जास्तीचे पैसे फोटोचे. तमीमभाईकडे ८,४९९ चा आहे. जागा भरपूर, बॅटरी सकाळी भरली की दिवस निघतो, आणि अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मी प्रत्येक फोनवर वर्तमानपत्रातला एकच मजकूर वाचून दाखवत होतो आणि चुका वहीत मांडत होतो. तमीमभाई म्हणाला, अरे, फोन घेतोयस की सोयरीक जुळवतोयस? वर म्हणाला की तू हेडमास्तरसारखा बोलतोस, असं रोह्यात कोण बोलतं?

त्याचं म्हणणं बरोबर होतं. तेवढ्यात धरमतरकडची एक सुकी मासळी विकणारी मावशी रिचार्जला आली. तमीमभाईने तिला फोनसमोर बसवलं. ती म्हणाली, मना काय बोलाचं ता सांग. मग आपणहून तिने सुनेची सगळी कागाळी सांगितली, सून कशी बोंबील करपवते आणि वर मुलाला पुढे करते. मी तिला चहा पाजला आणि तिचं बोलणं काचेवर वाचलं. काही शब्द चुकले, पण भांडण कोणाचं कोणाशी आहे ते पूर्ण कळलं. तेव्हा मी पैसे मोजले.

दोन बायका एकदम बोलल्या तर तो दोघींचं एकात एक लिहितो, हे खरं आहे. एकीला थांबायला सांगावं लागेल. काही बिघाड निघाला तर सात दिवसांत, म्हणजे २ फेब्रुवारीपर्यंत बदलून मिळेल. पावती खोक्यात आहे.

मला माघी गणपतींमुळे सुट्टी नाही. भाऊजींच्या कंपनीतले अर्शदभाई इथलेच, ते उद्या शिफ्टला येताना खोकं आणि हे पत्र देतील. सिम घातलं आहे, एका महिन्याचं रिचार्ज केलं आहे. निळ्या चित्रावर बोट ठेवलंस की तो ऐकायला लागतो. फोन पाण्याजवळ ठेवू नकोस, मशीनच्या टोकावरही ठेवू नकोस, मशीन हलते. काही चुकलं तर लगेच कळव. मनात आमची आठवण असू दे.

तुझा,
आदर्श

---

रोहा,
३१ जानेवारी २०२५

चि. आदर्शास अनेक आशीर्वाद.

सोमवारी खोकं आलं. ह्यांनी ते असं उघडलं जणू आत मांजर आहे. फोन ताटाशेजारी ठेवला आणि ह्यांना म्हटलं, बोला. ह्यांनी आधी भात कालवला, एक घास घेतला. मग काचेवर आलं, आमटी चांगली झाली. आदर्श, दहा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शांती तर म्हणते की बाबा रोजच असं म्हणतात, त्यात सांगायचं काय?

साडेआठ हजारांची वस्तू, म्हणून मंगळवारी सकाळी मी त्याला कव्हर शिवलं. लाल मखमलीचा तुकडा होता, आत कापसाचा थर, दुहेरी टीप, काचेपुरती खिडकी सोडली आणि बाकी सगळीकडून घट्ट. एखाद्या नवरीच्या दागिन्याला मिळणार नाही असं.

पण मला हे लिहायला फार जड जातं. मंगळवारपासून तो लिहीतच नाही. निळं चित्र दिसतं, रेघ हलत नाही, कधी चार मिनिटांनी एखादाच शब्द येतो. तोही माझ्यासारखाच निघाला म्हणायचा. सासूबाई म्हणाल्या की मी आधीच बोलले व्हते, त्यात जीव नाय. काल मापं घ्यायला बायका आल्या तेव्हा पुन्हा शांतीला घरी ठेवलं. म्हणजे छत्तीस दिवस झाले.

ह्यांना सांगितलेलं नाही. हे लगेच तुला फोन करतील आणि तू घाबरशील. तूही ह्यांना फोन करू नकोस. तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. फक्त विचारते, बदलून मिळेल का?

तुझी ताई,
नूतन

---

पेण,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५,
दुपारचे १ वाजून ५ मिनिटे, डबा न उघडता

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. सात दिवस कालच संपले.

मी तसाच तमीमभाईकडे धावलो. तो म्हणाला की कंपनी आता बदलून देणार नाही, पण फोन घेऊन ये, मी बघतो. दुकानात तर तो सुरळीत चालत होता, माझ्याच समोर. मी वही पुन्हा पाहिली. कुठे चुकलं ते सापडत नाही. ताई, नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी नऊशे रुपयांच्या वरची कुठलीच वस्तू निवडलेली नाही. आणि पहिलीच निवडली ती तुझ्यासाठी. सुट्टी मिळेल त्या पहिल्या दिवशी येऊन फोन घेऊन जातो. तोवर पुढील गोष्टी पाहून कळव: वर रेंजच्या रेघा किती दिसतात, इंटरनेटची खूण आहे का, फोन कुठे पडला होता का, आणि त्यावर पाणी, तेल किंवा खडूची पूड गेली होती का?

मला रागाव, पण लिही.

तुझा,
आदर्श

---

रोहा,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. आदर्शास अनेक आशीर्वाद.

आधी डबा उघडून जेव, मग वाच. फोन चांगला आहे. तुझी निवड चांगली आहे. चूक माझी आहे.

गेल्या मंगळवारी, म्हणजे ४ तारखेला, सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेलो होतो, मी आणि शांती. सासूबाईंच्या ध्यानात गोळ्यांचं काही राहत नाही, म्हणून डॉक्टर नेहमीसारखे शांतीशी बोलले. त्यांनी गोळी अर्धी करायला सांगितली की दोनदा घ्यायला, हे शांतीला नीट कळलं नाही. तिने मला अर्धी सांगितली, मग म्हणाली दोनदा, मग रडायला लागली. आम्ही परत आत गेलो, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. आठ वर्षांच्या पोरीवर मी केवढं ओझं टाकते ते मला त्या बाकावर बसून दिसलं.

घरी आल्यावर ती पायरीवर बसून राहिली. मी जवळ गेले तर तिने माझ्या हातातून फोन घेतला, मखमलीच्या कव्हरातून बाहेर ओढला, निळ्या चित्रावर बोट ठेवलं आणि खालच्या कडेला तोंड नेलं. काचेवर आलं, आई मी शांती बोलते.

खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे. आवाज त्यातून आत जातो. मी त्यावर कापूस आणि दुहेरी मखमल शिवली होती. आवाज कुठून आत जातो हे माझ्या मनातच आलं नाही, आदर्श. मला ती गरज पडून वीस वर्षं झाली. आणि घरात कोणीच कव्हर काढलं नाही, कारण सगळ्यांना ते फार आवडलं होतं.

आता खरी गोष्ट. शांतीला हे त्याआधीच्या शुक्रवारपासून माहीत होतं. तिने गपचूप कव्हर काढून बोलून पाहिलं होतं आणि परत घातलं होतं. मी विचारलं का सांगितलं नाहीस, तर तिने फोनमध्ये न बोलता नेहमीसारखं ओठांनी सांगितलं. आजी म्हणाली होती की आता तुझ्या आयशीला तुझी गरज नाय. म्हणून.

मी तिला रागावले नाही. तिला सांगितलं की दवाखाना, रेशन आणि बायकांची मापं यांचं काम आता फोन करेल. पण शाळेतून आल्यावर चहाच्या वेळी तिने माझ्यासमोर बसायचं, फोन बंद करून ठेवायचा, आणि दिवसभरात काय झालं ते ओठांनी सांगायचं. तिने विचारलं, रोज? मी म्हटलं रोज, रविवारीसुद्धा. मग कव्हरला कडेला बारीक काज केलं. भोक नेमकं कुठे येतं ते बोट ठेवून तिनेच दाखवलं.

काल पुन्हा दवाखाना होता. मी आणि सासूबाई दोघीच गेलो. मी फोन टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी आधी सवयीने माझ्या बाजूला खाली पाहिलं, शांती असायची तिथे. मग वर, माझ्याकडे पाहिलं आणि बोलले. मी वाचलं, विचारलं, पुन्हा वाचलं. बाहेर पडल्यावर सासूबाई फोनला तोंड लावून म्हणाल्या की या डबड्याला इचार, पान खाल्लं तर चालंल का. मी म्हटलं, हे मी डॉक्टरांनाच विचारलंय, चालणार नाही. त्या दिवसभर माझ्याशी आणि फोनशी दोघांशी बोलल्या नाहीत.

गेल्या गुरुवारपासून शांतीची शाळा एकही दिवस बुडालेली नाही. रिचार्जचे पैसे पुढच्या महिन्यापासून मी शिलाईतून भरेन, त्यावर वाद नको.

तुझी ताई,
नूतन

---

पेण,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५,
सकाळचे ८ वाजून २५ मिनिटे, चहा दुसऱ्यांदा गरम करून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. दवाखान्याच्या जागेवर तिने मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. तमीमभाईलाही सांगितलं. तो इतका हसला की गिऱ्हाईक घाबरलं. मग म्हणाला की अशी शिलाई असेल तर दुकानासाठी दहा कव्हरं शिवून हवीत, पैसे रोख, पण काजासकट. त्याने मापाचा कागद दिला आहे, सोबत जोडतो. तू दर ठरव, तो घासाघीस करेल, ऐकू नकोस.

माझ्या फोनची काळजी करू नकोस. बटणाच्या फोनवर अजून दोन वर्षं निघतील, आणि मला पत्र लिहायला आवडतं. पुढच्या रविवारी शेठनी पूर्ण सुट्टी कबूल केली आहे. सकाळच्या गाडीने येतो.

तुझ्या पाकिटात शांतीची एक वेगळी चिठ्ठी होती. तू पाहिलेली नसावीस, कारण ती घडी करून तिकिटाएवढी केली होती. तिने लिहिलं आहे की मामा, माझं काम तुझ्या फोनने घेतलं, म्हणून तू मला भरपाई दे. काय हवं तेही लिहिलं आहे. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, पण मागणी स्पष्ट आहे.

हिशेब असा. जमा ९,२००. खर्च: फोन ८,४९९, सिम व रिचार्ज २९९, मावशींचा चहा १०. शिल्लक ३९२.
देणे: तमीमभाईस काचेवरच्या काचेचे, म्हणजे स्क्रीनगार्डचे, १०० (तो घेत नाही, मी देणार).
देणे: कु. शांती हिला, नोकरी गेल्याबद्दल, चुंबकाच्या झाकणाची कंपासपेटी एक, अंदाजे १४०. रविवारी रोख चुकती करणार.

तुझा,
आदर्श