टेकडीवरच्या चिंध्या

धामणगाव बढे
८ मे २०२४

चि. दीपक यास ताईचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. बाबाचा गुडघा दुखूनच राह्यला. तेल लावू देत नाहीत, अन् दुखते म्हणून दिवसभर आमच्यावर ओरडतात. उन्हाचं तं विचारूच नको. छकुलीले दात आले का? तिच्यासाठी दोन झबली शिवून ठेवली आहेत.

तू पाठवलेला कागद पोचला. सही करून ताबडतोब परत पाठव म्हणतो. त्याचं सांगते. फोनवर तू मले बोलू देत नाही, म्हणून लिहून राह्यली.

नाल्याकाठच्या बागेची छाटणी झाली. काळी जमीन, वेल कसे माजले आहेत, पण तुझ्या पुण्याच्या लोकाईले तिथली वाईन पाणचट लागते. त्याईले टेकडीचीच पाहिजे. टेकडीवर नुसता मुरूम, अन् द्राक्ष तिथलंच गोड. बाटलीवर तू छापलं, 'पुंजाजींनी दगड फोडून लावलेली बाग.' बाबानं फोडले, खरं आहे. ते दगड डोक्यावर वाहून टाकले आईनं अन् आपल्याकडे मजुरीले येणाऱ्या भिमाबाईनं. तेवढं बाटलीवर मावलं नसेल.

टेकडीची छाटणी अर्धी पडली आहे. भिमाबाई येत नाही ना आता.

उत्तमरावच्या हरभऱ्याले लागून आपल्या तीन ओळी आहेत. त्यानं औषध फवारलं की वाऱ्यानं आपल्यावर येते, म्हणून त्या ओळींचा माल टाकीत घालायचा नाही, हा सेंद्रियचा पहिला नियम. तू तं हे शिकूनच आला. आईनं आपलं जुनं पांढरं लुगडं फाडून त्या ओळींच्या खांबाले चिंध्या बांधल्या होत्या. आई गेली, तरी दर तोडणीच्या आधी मी त्याच लुगड्याच्या नव्या चिंध्या बांधते. भिमाबाईले वाचता येत नाही, पण चिंधी दिसली की तिची क्रेट वेगळी. बारा सालात एक घड इकडचा तिकडे झाला नाही.

यंदा गारपिटीनं माल कमी भरला. फेब्रुवारीत तुझा फोन आला. "ताई, चिंध्या सोडून टाक. तीन ओळीनं कोणाले काय समजते?" मी हाव म्हटलं. सकाळी बाया यायच्या आधी जाऊन मीच सोडल्या. भिमाबाईनं विचारलं, "काऊन व सुचिता, यंदा चिंध्या नाही?" मी सांगतलं, उत्तमरावनं यंदा फवारलंच नाही. तिनं माझ्यावर भरोसा ठेवला अन् तिन्ही ओळी तोडून चांगल्या मालाच्याच क्रेटमध्ये टाकल्या.

सेंद्रियवाल्यांच्या तपासणीत टाकीतल्या वाईनमध्ये औषध निघालं. त्या दिवशी बाबानं सगळ्या बायांसमोर तिले विचारलं, "चिंध्या कुठं फेकल्या?" ती माझ्याकडे पाहत राह्यली. एका शब्दानं माझं नाव घेऊ शकत होती. नाही घेतलं. मी मान खाली घातली. बाबानं तिले टेकडीवरून हाकललं. तू तं पुण्यात होता, दीपक. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होती.

आता तुझा कागद म्हणते, 'अशिक्षित मजूर महिलेच्या चुकीमुळे माल मिसळला.' खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. छान टाईप केलं आहे. सही केली तं टेकडीचं सर्टिफिकेट वाचते, एवढं मलेही समजते.

परवा बाबाले खरं सांगतलं. त्याईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, "झालं ते झालं. पोराचं नाव खराब करू नको." पोरीचं काय अन् त्या बाईचं काय, ते त्याईच्या मनातही आलं नाही.

काल भिमाबाईच्या घरी गेली. तिनं पाणी दिलं, बस म्हणाली नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मले घरी येऊन कायले सांगते? मले तं माहीत आहे. तिथं सांगायचं होतं, सगळ्यांसमोर."

म्हणून आज सकाळी टेकडीवर सगळ्या बाया गोळा केल्या अन् सांगतलं. चिंध्या मी सोडल्या. तुझ्या फोनाचंही सांगतलं. बाबा उठून खाली गेले. भिमाबाई आली नव्हती. तिच्या कानावर गेलं असेल. ती परत येईल असं मले वाटत नाही, अन् बोलवायचं तोंडही नाही.

हेच सगळं लिहून सेंद्रियवाल्यांकडे पाठवलं. तुले हे पत्र भेटेल तोवर त्याईले ते भेटलं असेल. सर्टिफिकेट जाईल, अन् नवीन मिळेस्तोवर टेकडीची बाटली आता तीन साल निघत नाही. तू चिडशील. चीड. इतकी साल तू चिडू नये म्हणूनच मी हाव म्हणत आली.

तुझा कागद सोबत परत पाठवते, बिनसहीचाच. माझी सही या पत्राखाली आहे.

चिंध्या सोडणारी,
सुचिता पुंजाजी