मास्तरांचा कॉम्प्युटर

प्रिय बारक्या,

आधी तक्रार, मग क्षेमकुशल. आपल्या प्रोग्रॅमच्या चाचण्यांचे निकाल दाखवणाऱ्या फलकावरचा हिरवा रंग कोणी बदलला? पूर्वी तो शाळेच्या फळ्यासारखा गंभीर होता. चाचणी पास झाली की काहीतरी केल्यासारखं वाटायचं. आता टूथपेस्टसारखा दिसतो. पास झालो की दात घासले, तेच कळत नाही. संबंधितांना माझा तीव्र निषेध कळव. संबंधित तूच असशील, तर दोनदा कळव.

तू विचारलंयस, मास्तरांकडे आहे तसल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी बिल्ड काढणं थांबवायचं का. प्रश्न रास्त आहे. आपण रचलेल्या कॉम्प्युटरच्या भाषेतले प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते व्हर्च्युअल मशीन दर आठवड्याला आपोआप नव्याने बांधलं जातं, ताजी बिल्ड तयार होते, हे खरं. पण त्या जुन्या कॉम्प्युटरवर ते खरंच चालतं का, हे कोणीतरी समोर बसून बघावं लागतं. तसा धडधाकट कॉम्प्युटर आता आपल्या माहितीत एकच उरलाय, मास्तरांच्या मागच्या खोलीत. मास्तर हयात होते तोवर आपल्या सगळ्यांच्या वतीने तेच बघायचे. ते गेल्यापासून दर रविवारी मी जातो. वहिनी चहा ठेवतात, मी बिल्ड चढवतो, चाचण्या पास होतात, आणि ती बिल्ड जगात कोणीही वापरत नाही. इतक्या निष्ठेने निरुपयोगी काम मी पगार घेऊनही केलेलं नाही.

तरी तुला उत्तर देववत नव्हतं. बिल्ड थांबली की त्या खोलीला टाळं लागणार, आणि वहिनींना ते सांगायचं कोणी? मास्तरांचं आता काही काम उरलं नाही, एवढं एक वाक्य माझ्यासारख्या तोंडाळ माणसाच्याही तोंडून निघेना.

काल शनिवारीच गेलो, न कळवता. बघतो तर कॉम्प्युटर सुरू. माझं डोकंच सटकलं. वाटलं, तूच दुरून, माझ्या पाठीमागे, चाचण्या चालवतोयस. चहा गार होईपर्यंत शोधत बसलो, तुला मोठ्याने चार शेलक्या शिव्याही घातल्या. एकही चाचणी सुरू नव्हती. नुसता पंखा घरघरत होता.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भाऊजी, त्या बिचाऱ्याला कशाला बोल लावता, मीच लावते रोज सकाळी. दार लोटून घेतलं की हे आत काम करत बसल्यासारखं वाटतं. मग जरा ओशाळून हसल्या. म्हणाल्या, तुम्ही रविवारी अगदी आठवणीने बंद करून जाता, मग मला परत लावावा लागतो.

तुला घातलेल्या शिव्या मी तिथल्या तिथे परत घेतल्या. खोटं वाटत असेल तर वहिनींना विचार.

तर हे पत्र एवढ्यासाठीच. तुझं उत्तर माझ्याकडे कधीचं राहिलंय, ते घे. थांबव बिल्ड. त्या कॉम्प्युटरचं आता आपल्यावाचून काही अडत नाही. काल निघताना मी तो बंद केला नाही. दार तेवढं लोटून घेतलं.

तुझाच,
खडूस