डावीकडे कुणी नाही

शॉमबर्ग
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय ईशानदादा,

तू पार्सिपनीला नीट पोहोचल्याचं काकूने सांगितलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. काकूच्या मनगटाचं प्लास्टर अजून चार आठवडे राहील. बोटं हलतात, सूज उतरली आहे. तू माझे फोन उचलत नाहीस आणि कागद पाठवायचेच होते, म्हणून हे पत्र. मराठीत लिहिते आहे. काकूने लहानपणी शिकवलेलं वाचन तू विसरला नसशील. हळू वाचलंस तरी चालेल.

काकांचं तेरावं काल झालं. गुरुजी पाऊण तास उशिरा आले, पण सगळं व्यवस्थित केलं. स्वयंपाक मनोहरकाकांच्या घरून आला होता.

सोबत मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती आहेत, त्यावर पाच नोव्हेंबर ही तारीख आहे; पोलिसांचा अहवाल आहे आणि हॉस्पिटलचा. पोलिसांच्या अहवालात नवीन काही नाही. दोन नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं, कोरडा रस्ता, स्वच्छ ऊन. वाणसामानाच्या दुकानाच्या आवारातून काकांनी गाडी रस्त्यावर काढली आणि डावीकडून येणारा पिकअप ट्रक त्यांच्या दारावर आदळला.

हॉस्पिटलचा अहवाल तू गेल्यावर आला. काकांच्या मेंदूत उजव्या बाजूला मागे एक जुना स्ट्रोक सापडला, निदान दोन महिन्यांपूर्वीचा. अशा माणसाला दोन्ही डोळ्यांनी डावी बाजू दिसत नाही. दुखत नाही, अंधारही दिसत नाही. तेवढी बाजू नसतेच, आणि ती नाही हे पुष्कळदा त्याला स्वतःला कळत नाही. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही.

परवा रविवारी मनोहरकाका आणि कृष्णा आले होते. कृष्णा माझ्या ऑफिसातला, नागपूरचा. वर्षभर काकांबरोबर अमेरिकन फुटबॉलच्या मॅच बघायला येतो. बारा वाजत आले, मॅचची वेळ झाली, तरी काकांच्या टीव्हीपाशी तळघरात कुणी उतरेना. शेवटी मनोहरकाकांनी काकूला विचारलं, "वरचा टीव्ही लावू का, वहिनी? आवाज बंद ठेवून?"

"लावा," काकू म्हणाली. "ते असते तर थांबले असते का?"

टीव्ही लावला तर काकांचा बंड्या टोपी घालून बाकावर बसलेला. कोचने त्याला बसवून चेंडू फेकायला दुसऱ्या क्वार्टरबॅकला उतरवलं होतं.

"बसवला शेवटी," मनोहरकाका म्हणाले. "दहा मॅचमध्ये आठ हार. हेम्या बिचारा पहिल्या दिवसापासून जाईपर्यंत हेच ओरडत होता."

"यार काका, बावीस वर्षांचा आहे तो," कृष्णा म्हणाला. "त्याला वाचवणारी पुढची लाइन कागदाची. अडीच सेकंदांत चार जण अंगावर येतात. तुम्ही फेकून दाखवा."

"मला त्याचा पगार दे. डोळे मिटून फेकतो."

कृष्णा हसला. मग दोघंही आवाज नसलेल्या टीव्हीकडे बघत बसले. आपली टीम पुन्हा हरली.

एक राहिलं. तू मॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडलास त्याबद्दल काका कधी काही बोलले नाहीत. बाबांना त्याचं काही वाटलं असेल असं मनात आणू नकोस.

तब्येतीला जप.

नेत्रा


शॉमबर्ग
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ईशानदादा,

मागच्या पत्रात दोन गोष्टी खोट्या होत्या. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही ही एक. काका तुझ्याबद्दल काही बोलले नाहीत ही दुसरी.

पत्र मिळाल्यावर तेवीस तारखेला तू काकूला फोन केलास. तिचा एक हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे ती फोन स्पीकरवर ठेवते आणि मी तिथेच भांडी पुसत होते. तू म्हणालास, "आई, यू लिव्ह्ड विथ हिम. चोवीस तास एका घरात होतीस. हाउ डू यू नॉट सी इट?" काकू म्हणाली, "हो रे. मला दिसायला हवं होतं." मी पुसलेली ताटली पुन्हा पुसली.

तेव्हापासून ती आठवत बसते. मी ऑफिसातून आले की दारातच विचारते. "गणपतीत ताटातली चटणी आणि कोशिंबीर त्यांनी तशीच ठेवली होती. मी म्हटलं, आवडली नाही का? तर म्हणाले, वाढलीच कुठे तू. मी रागावले. तेव्हापासूनच असेल का ग?" चटणी-कोशिंबीर आपण ताटात डावीकडे वाढतो. हे तिचं तिला सुचलं आणि ते सुचल्यापासून ती नीट जेवलेली नाही. परवा डॉक्टरांकडे तिचं वजन साडेतीन किलो कमी भरलं.

माझ्या अर्धवट पत्रामुळे तू तो फोन केलास. म्हणून आता पूर्ण लिहिते.

मी दोन वर्षांपूर्वी या घरात राहायला आले तेव्हा मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. एवढंच कळायचं की तो पोरगा चेंडू हातात घेतो, कुणाकडे फेकायचा ते तीन सेकंदांत ठरवतो, आणि चुकला की आपलं तळघर त्याचा उद्धार करतं. या वर्षी नवा पोरगा आला, काकांनी त्याचं नाव बंड्या ठेवलं, आणि तुमचं भांडण सुरू झालं. तू पार्सिपनीहून ग्रुपवर त्याची बाजू घ्यायचास, काका इथून त्याला झोडायचे. चार वर्षांत तुम्ही एकमेकांना फोन केला नव्हता. जे काही बोलायचात ते त्या पोरावरून बोलायचात. काकू म्हणायची, भांडू देत, तेवढं तरी चालू आहे.

काकांचं म्हणणं ठरलेलं असे. "आंधळेपणाने फेकतो हा. तिथे कुणी आहे का? डावीकडे कुणी नाही आणि हा तिकडेच फेकतोय!" तू लिहायचास की आपला माणूस तिथे एकटाच मोकळा उभा होता. मनोहरकाका म्हणायचे, "हेम्या, चष्मा बदल." बारा ऑक्टोबरला तू लिहिलंस, "बाबा, तुम्ही मॅच बघता की मला चिडवायला टाइप करता?" आणि ग्रुप सोडलास.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या खोलीत आले. "तू सॉफ्टवेअर टेस्टर ना? मग काढ आकडे. प्रत्येक मॅच, प्रत्येक फेक. त्या दीडशहाण्याला पुराव्यानिशी पाठवतो. मी खोटं बोलतो म्हणतो."

मी सहा मॅचचं रेकॉर्डिंग आणि ग्रुपवरचे मेसेज वेळेप्रमाणे जुळवले. तुमचे वाद झालेल्या सेहेचाळीस फेकी निघाल्या. प्रत्येक क्वार्टरनंतर टीम बाजू बदलतात, हे तुला माहीत आहे. त्या सेहेचाळीसपैकी एकोणचाळीस फेकी अशा वेळच्या होत्या, जेव्हा आपली टीम टीव्हीच्या पडद्यावर डावीकडे चाल करत होती. बंड्याचे स्वतःचे आकडे दोन्ही दिशांना जवळजवळ सारखेच होते, अठ्ठावन्न टक्के आणि एकोणसाठ टक्के. म्हणजे दोष फेकणाऱ्यात नव्हता.

मी दोनदा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

चौदा तारखेला काकू देवळात गेली असताना मी काकांना समोर बसवलं. माझ्या नाकाकडे बघा म्हटलं आणि दोन्ही हात वर धरून बोटं हलवली. "कुठली हलताहेत?"

"ही," त्यांनी त्यांच्या उजवीकडच्या हाताकडे बोट केलं. "दुसरा हात पाठीमागे का लपवलायस?"

दुसरा हात त्यांच्या डोळ्यांपासून दीड फुटावर होता. मी तो हळूहळू मध्ये आणला. माझ्या नाकापर्यंत आल्यावर तो त्यांना दिसला.

मी म्हटलं, उद्याच डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, सीझन संपू दे, जानेवारीत जाऊ. मी म्हटलं, काकूला सांगते. ते म्हणाले, "तिला सांगशील तर ती ईशानला सांगेल. मग तो येईल, पण दया करायला येईल. माझ्या औषधाच्या गोळ्या मोजत बसेल. मला तो भांडायला यायला हवाय, नेत्रा. थँक्सगिव्हिंगला मी त्याला बोलावणार आहे. समोर बसवून मॅच लावणार आहे. तोवर गप्प बस."

मी गप्प बसले. त्यांनी मला शपथ वगैरे घातली नव्हती. माझी कारणं माझी होती. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले आहे. सकाळी सात बाराच्या गाडीसाठी काका मला स्टेशनवर सोडायचे. त्यांचं लायसन्स गेलं असतं तर माझी सोय गेली असती, हा विचार माझ्या मनात आला होता. पहिला नाही, पण आला होता.

आणि मला वाटलं, हे मला सांभाळता येईल. आमच्या कामात असं करतात. दोष सापडतो, दुरुस्तीला वेळ लागणार असतो, तोवर त्याच्या बाजूने वाट काढतात आणि प्रोग्रॅम चालू ठेवतात. मी तशी वाट काढली. काका गाडी काढतील तेव्हा मी शेजारी बसायचं आणि डावीकडचं सांगायचं. "डावीकडून पांढरी गाडी, थांबा." "डावीकडे सायकलवाला." "आता कुणी नाही, निघा." काका म्हणायचे, "वा, लाइव्ह कॉमेंट्री!" देवळात, दुकानात, स्टेशनवर, सगळीकडे मी बरोबर. स्टेशनवरून ते घरी एकटे परतायचे. त्या रस्त्यावर डावीकडून फार वाहनं येत नाहीत, असा मी हिशेब केला होता. काकूला कौतुक वाटायचं की पोरगी काकांना किती जीव लावते. एकोणीस दिवस हे चाललं. एकोणीस दिवसांत एकदाही काही झालं नाही, आणि त्यामुळे मला वाटायला लागलं की माझी पद्धत बरोबर आहे.

दोन तारखेला मिसळीचे पाव संपले होते. काका किल्ली घेऊन माझ्या दाराशी आले. "चल ग, मॅच सुरू होईल." माझं ऑफिसचं काम अडकलं होतं. मी स्क्रीनवरून मान न वळवता म्हटलं, "पंधरा मिनिटं थांबा."

ते सात मिनिटं थांबले. मग जिन्यावरून त्यांचा आवाज आला, "सुवर्णा, तू चल." गॅरेजचं दार वर जाताना मी ऐकलं. काकूला डावीकडचं सांगायचं असतं हे माहीत नाही, हे मला त्या क्षणी माहीत होतं. फोन माझ्या हाताशी होता. मी विचार केला, जाऊन येऊन आठ मिनिटांचा रस्ता आहे, आणि टाइप करत राहिले.

ते आकडे सोबत पाठवते आहे. मेसेज आणि रेकॉर्डिंगच्या वेळा आहेत, तुला पडताळून बघता येतील. बाबा तुला चिडवायला लिहीत नव्हते. त्यांना जे दिसत होतं तेच ते लिहीत होते. तू ग्रुप सोडल्यावर त्यांनी तुला लिहिलेले तीन मेसेज मी त्यांच्या फोनमध्ये वाचले. तिन्ही अर्धवट आहेत, एकही पाठवलेला नाही. तिन्हींमध्ये बंड्याबद्दलच लिहिलंय. एकाची सुरुवात अशी आहे: "कदाचित तुझं बरोबर असेल."

हे सगळं मी काल काकूला सांगितलं. तुझ्या आधी तिला कळायला हवं होतं. ती उभ्याने ऐकत होती. मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "मी त्यांच्या शेजारी बसले होते, नेत्रा. मोकळीच बसले होते. एक शब्द सांगितला असतास तर मी बघितलं असतं ना डावीकडे."

मग ती खोलीत गेली. मी दाराबाहेरून म्हटलं, काकू, तुझं काही चुकलं नाही. आज सकाळी तिने एका हाताने स्वतःपुरता चहा केला आणि माझ्यासमोरून कप घेऊन गेली. मला जा म्हणालेली नाही. मी पंधरा तारखेपासून ऑफिसजवळ एक खोली घेतली आहे. मनोहरकाकांकडून डबा येईल, पण घरात ती एकटी असेल.

मनोहरकाका आज विचारत होते, ग्रुप बंद करायचा का. मी म्हटलं, ईशानदादाला विचारा.

तू मला काय म्हणशील ते मी ऐकेन. ते पत्रात लिही, फोनवर सांग किंवा समोर येऊन सांग. पण त्याआधी काकूला फोन कर आणि सांग की दोष तिचा नाही. मी सांगून पाहिलं. माझ्या सांगण्याला आता या घरात किंमत नाही, आणि तिला ते तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे.

ती सकाळी साडेसहाला उठते. तेव्हा तुझ्याकडे साडेसात वाजलेले असतात.

नेत्रा